सावलीचं औक्षण

हो, हाच फोटो. मोज ना, टेप आणली आहेस तर मोजूनच घे — सहा फूट आणि वर चार बोटं. फोनवर सांगितलं तेव्हा तुला खरं वाटलं नाही, आवाजावरून कळलं मला. जिन्याच्या वळणावर जरा उभा धरावा लागेल, बाकी वजन काही नाही, कापडावर छापलेला आहे, काच नाही, मागे नुसती लाकडाची पट्टी. तुझा लोडिंग रिक्षावाला एकटा नेईल. पण तू आधी बस बेटा. जयू ना नाव तुझं? बस जयू. श्रावणातला शुक्रवार आहे, सवाष्ण घरात आली आणि उभ्या उभ्या गेली असं नाही चालत. हे दूध, साखर घातली आहे, आणि हे फुटाणे. घे. तुझा होमस्टे कुठे पळून जात नाही — महाकालला येणारी माणसं आता तुमच्या खोल्या भरून उरतात, आमच्या या मल्टीत, एका इमारतीत, तीन होमस्टे झाले, लिफ्ट नाही तरी लोक बॅगा घेऊन चढतात. तुझ्याकडे छान दिसेल हा, आत शिरल्या शिरल्या समोर लाव. लांबून आलेल्या माणसाला सडक बघायला आवडते.

पैसे? नाही नाही. सांगितलं ना, पैसे नकोत. खराबी काहीच नाही. फक्त हा कोपरा बघ, डावीकडे खाली, तिथे जरासं लाल आहे. कुंकू आहे. ओल्या फडक्याने पुसलं, लिंबू चोळलं, जात नाही, कापडात मुरलंय. तिथे एखादी कुंडी ठेव, दिसणार नाही. — कसं लागलं म्हणजे? घरात हळद-कुंकू असतं, लागतं.

बरं, लागलं नाही. लावलं. मीच लावलं.

तू नीट बघ त्या कोपऱ्यात. सडक इथून निघते, सरळ, दोन्हीकडे रेती, ते एक खुरटं काटेरी झाड, आणि मग कुठवर जाते ते कळतच नाही, आकाशात शिरते. पण जिथून सुरू होते तिथे एक सावली आहे ना — लांबुडकी? फोटो काढणाऱ्याची. ऊन पाठीवर असेल त्याच्या, म्हणून पुढे पडली. डोकं दिसतं, खांदे दिसतात, एक कोपर बाहेर आलेलं, कॅमेरा धरल्यावर येतं तसं. त्या सावलीला मी कुंकू लावायची. माझ्या मुलाची म्हणून. हसू नकोस — नाही, तू हसली नाहीस, मलाच वाटलं.

सौमित्र. एकच आहे. तीन वर्षांपूर्वी सोलर कंपनीत लागला, जैसलमेरच्याही पुढे, जिथे म्हणे नजर पोचेल तिथपर्यंत नुसत्या काचा मांडल्यात उन्हात. तो निघाला त्या दिवशी मी देवासमोर बसून भात सोडला. हा त्या वाळवंटातून कायमचा परत फिरेपर्यंत भाताचं शीत तोंडात घालणार नाही. पोळी खायची, वरण नुसतं प्यायची, सणाला सगळ्यांना भात वाढायची. त्यात काय, आम्हाला सवय असते. आणि पुढच्या गुढीपाडव्याला हा फोटो आला. कुरियरवाल्याकडून यांनी सही करून घेतला — हे म्हणजे आमचे हे, विद्युत मंडळातून रिटायर झालेत, घरीच असतात. सौमित्रचा फोन आला, आई, माझ्या साईटसमोरची सडक आहे, भिंतीला लाव. मी विचारलं, तू काढलास? तर म्हणाला, हो. मग मी विचारलं, ती खाली सावली आहे ती कुणाची रे, तुझी का? तेव्हा जरा थांबला होता. मला वाटलं, नेटवर्क.

मग म्हणाला, हो आई, माझीच.

तुमच्याकडे जिवती लावतात का भिंतीवर? तो कागद गं, नरसिंह असतो वर, आणि खाली जिवती बसलेली असते, मांडीवर पोरं, खांद्यावर पोरं, पाळण्यात एक. या गावाचा सावन अर्धा होतो तेव्हा कुठे आमचा श्रावण लागतो, आणि मग दर शुक्रवारी तिची पूजा, पुरण, मुलांना ओवाळायचं. आणि मूल परगावी असलं की ते जिकडे असेल तिकडे तोंड करून अक्षता टाकायच्या. पोचतात त्या. माझ्या सासूबाई हे बडोद्याला होते तेव्हा तशाच टाकायच्या, आणि माझ्यादेखत हे कसल्या कसल्या दुखण्यातून उठले. म्हणून पहिल्या वर्षी मी दिशा विचारून घेतली, वायव्य. आणि हा फोटो आल्यावर तर प्रश्नच मिटला, या उत्तरेच्या भिंतीवर लावला, जिवती त्याच्या शेजारी, आणि निरांजन घेऊन त्या सावलीला ओवाळायला लागले. पूर्ण दोन श्रावण ओवाळलं, आणि या वर्षीचा पहिला शुक्रवार. सावलीच्या कपाळाला कुंकू. कपाळ कुठे ते दिसत नाही, अंदाजाने. आणि हे इथेच खुर्चीत बसलेले असायचे. पेपर तोंडासमोर. आणि रोज सकाळी पेपरातून मला वाचून दाखवायचे, आज जैसलमेर शेहेचाळीस. आज सत्तेचाळीस. मी ते ऐकून खाली फाटकाशी माठ ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी, म्हटलं इथे कुणाची तहान भागली तर तिथे त्याचं ऊन कमी होईल. माठ रोज भरून कोण ठेवायचं? हेच ठेवायचे. काय म्हणत असतील मनात, दोन जिने घागर उतरवताना?

दिवाळीला यायचा तो, दोन दिवस. मी त्याचे बूट गॅलरीत नेऊन झटकायची. रेती नाही रे निघत? — धुतले आई, तुझ्याकडे यायचं म्हणून.

फुटाणे घे ना. हातात धरून काय बसलीस.

आता बघ, कळलं कसं. दहा दिवस झाले, मंगळवारी. माझी दाढ दुखत होती, तर टावर चौकात एक नवीन दाताची डॉक्टरीण आहे, तिच्याकडे गेले. एकटीच. ह्यांना म्हटलं, तुम्ही कशाला. आत घेतलं, सुई दिली, आणि अर्धा तास बाहेर बसा म्हणाली, सुन्न होऊ दे. बसले. गाल असा जड, जीभ आपली नाहीच. आणि समोरच्या भिंतीवर हा. हाच. तेच झाड, तीच सडक, तेच आकाश. मला आधी काय वाटलं सांगू — अभिमान वाटला. म्हटलं, माझ्या पोराचा फोटो किती लांब गेला. उठले, जवळ गेले, कोपऱ्यात सावली होती. कोपर बाहेर आलेलं. मी त्या काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, ये मेरे बेटे ने खींचा है, ये उसकी परछाईं है. तोंड सुन्न, लाळ गळत होती, तिला अर्धं कळलं. तरी उठून आली बिचारी, मला टिश्यू दिला, म्हणाली, नहीं आंटी, ये तो ऑनलाइन मंगाया है, हमारे घर में भी यही लगा है, छोटा वाला. फोनमध्ये दाखवलं तिने. कितीतरी आकार होते. सोफ्याच्या वर लावलेला, पलंगाच्या वर लावलेला, कुठल्या कुठल्या घरात. आणि प्रत्येकात ती सावली.

बोलता येत नव्हतं ते बरंच झालं. दाढ तशीच ठेवून आले. अजून दुखते.

घरी आले तर हे पोहे खात होते. मी नुसतं विचारलं, सौमित्र कुठे आहे? एवढंच. फोटोचं नावसुद्धा काढलं नाही. माणसाने म्हणावं ना, जैसलमेरला. तेवढं जरी म्हणाले असते तरी मी विश्वास ठेवला असता बेटा, खरंच सांगते, डॉक्टरणीची ती मुलगी खोटी ठरवली असती मी. पण ह्यांनी चमचा ठेवला. चष्मा काढला. म्हणाले, वासंती, बस जरा.

इंदूर. इंदूरला आहे तो. अडीच वर्षं झाली. आठ महिन्यांत वाळवंट सोडलं, नोकरी बदलली आणि इंदूरला आला, तिथे लग्न केलं. प्राजक्ता म्हणून आहे, तिचं आधी एक लग्न होऊन मोडलंय, त्या लग्नाची मुलगी आहे पाच वर्षांची. ईरा. आणि लग्नाला साक्षीदार कोण? हे. गेल्याच्या गेल्या माघात मला म्हणाले, इंदूरला पेन्शनरांची मीटिंग आहे. मी पहाटे उठून दशम्या केल्या, दाण्याची चटणी, म्हटलं बाहेरचं खाऊन पोट बिघडतं यांचं. तो डबा माझ्या मुलाच्या लग्नात खाल्ला त्यांनी. मी विचारलं, खाल्ला का तो डबा? तर म्हणाले, सगळ्यांनी मिळून खाल्ला, प्राजक्ताला चटणी फार आवडली. — हे सांगून मला बरं वाटेल असं वाटलं त्यांना. चाळीस वर्षं झाली आमच्या लग्नाला.

नाही, रडत नाहीये. दाढ आहे ती.

त्या दिवसापासून मी गॅलरीत गेले नाही. तुला ऐकू येतंय ना — ते? इंदौर इंदौर इंदौर. नानाखेड्याचा स्टँड समोरच आहे ना, दर दहा मिनिटांनी ओरडतो. अडीच वर्षं तो कंडक्टर माझ्या खिडकीखाली उभा राहून मला पत्ता सांगत होता. दीड तास लागतो. डब्यातली भाजी गार होत नाही तेवढ्यात. आणि मी उत्तरेकडे तोंड करून — इंदूर कुठे आहे बघ, ते मागे, स्वयंपाकघराकडे. मी त्याच्याकडे पाठ करून अक्षता टाकत होते.

आणि अजून एक. हे मी जावेलासुद्धा सांगितलं नाही, तुला का सांगतेय कळत नाही. गेल्या श्रावणात, दुसऱ्या शुक्रवारी, सौमित्र दवाखान्यात होता. डेंग्यू. नऊ दिवस. सलाईन लावलेली. हे सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे — पेन्शनचे कागद, पेन्शनचे कागद. त्या शुक्रवारी परत आले तेव्हा मी नुकतीच आरती उतरवली होती, त्या सावलीची. जेवायला बसले. दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, वर तूप मागून घेतलं. आता म्हणतात, घशाखाली उतरत नव्हत्या, तुला संशय येऊ नये म्हणून खाल्ल्या. मी जिवतीला काय तोंड दाखवू? माझं पोर तिकडे तापात, आणि मी इथे कुणा परक्याला उदंड आयुष्य मागतेय. तो जो कोण फोटोवाला आहे, कुठल्या देशाचा, कुठल्या आईचा — त्याला मिळालं ते. मिळू दे. तो बरा असू दे. पण माझ्याला काहीच नाही मिळालं गं, अडीच वर्षं, तो माझ्या बाजूने उघडा राहिला.

आणि माझा तो भाताचा नेम. वाळवंटातून परत फिरेपर्यंत, असं म्हटलं होतं ना मी? तो आठ महिन्यांतच फिरला. म्हणजे देवाने ऐकलं होतं. उत्तर आलं होतं, यांनी दाबून ठेवलं. आणि माझ्या हातून भात वाढून घेत राहिले, रोज, अडीच वर्षं, आणि मी नुसतं वरण प्यायची तेव्हा हे समोर बसून बघत राहिले.

सौमित्रशी बोलले मी. चार दिवसांनी. त्याने रोज फोन केले, मी घेतले नाहीत, पाचव्या दिवशी घेतला. मी काही ओरडले नाही. मी कधीच ओरडत नाही, विचार कुणालाही. मी फक्त म्हटलं, मला का घाबरलास तू? मी तुला कधी हात लावला नाही, कधी मोठ्याने बोलले नाही. आणि तो काय म्हणाला — शब्द न् शब्द लक्षात आहे — तो म्हणाला, "आई, तू भांडली असतीस तर मी दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं. तू भांडत नाहीस. तू काहीतरी सोडतेस."

मला राग आला. आला म्हणजे काय, फोन ठेवला मी. म्हटलं, मी सोडलं ते कुणासाठी? आणि मग बसल्या बसल्या आठवायला लागले, काय काय सोडलं. ग्वाल्हेरची मुलगी सांगून आली होती, तो नाही म्हणाला, मी साखर सोडली. पाच महिने, मग तो बघायला तरी गेला. त्याच्या बारावीच्या वर्षी चप्पल सोडली होती. इंजिनीअरिंगला नंबर लागेपर्यंत पायात काही घालणार नाही. त्याला तसं ते करायचं नव्हतं, तो आपला भैरवगढला जाऊन छपाईवाल्यांकडे बसायचा, लाकडाचे ठसे, रंग, बोटं रंगवून यायचा, तेच शिकायचं म्हणत होता. मी काही बोलले नाही. वैशाखात अनवाणी भाजी आणायला जायची फक्त. फोड आले. तो माझ्या पायाला मलम लावायचा, खाली बसून. आणि एक दिवस फॉर्म भरून आला. मी सगळ्यांना सांगितलं, देवाने ऐकलं.

देवाने कुठे. त्याने ऐकलं.

हे मी याआधी कुणाला बोलले नाही. दूध गार झालं तुझं, गरम करून देऊ? राहू दे? बरं.

म्हणून म्हणते, राग गेलेला नाही माझा. यांचा तर अजिबातच नाही. दहा दिवस मी यांच्याशी बोललेले नाही, ताट वाढते, घंगाळात पाणी काढते, बोलत नाही. मागच्या शुक्रवारी ताम्हन घेऊन मधल्या खोलीत उभी राहिले आणि कुठे तोंड करायचं तेच कळेना. या भिंतीकडे बघवेना, त्या खिडकीकडे बघवेना. निरांजन विझेपर्यंत उभी होते. आणि भात तर तसाच बंद. आता कसला नेम? नेम कधीच संपला. हा नुसता हट्ट — म्हटलं, कळू दे त्याला. आणि तेव्हा एकदम वाटलं, हे परत तेच की.

काल दुपारी मी भात खाल्ला. हे झोपले होते. वाटीभर शिजवला, देवाला दाखवला, आणि ओट्याशी उभी राहूनच खाल्ला. तीन वर्षांनी. मला वाटलं काहीतरी होईल. काही नाही झालं, भात होता. मग त्याला फोन केला. म्हटलं, मी भात खाल्ला. तू आलास म्हणून नाही, तू येशील म्हणून नाही, असाच खाल्ला. माझं आता काही सोडलेलं नाही, तू मोकळा आहेस. तर गप्प. या वेळी नेटवर्क नव्हतं असं नाही, मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "कशाबरोबर खाल्लास?" मी म्हटलं, वरण आणि लिंबू. म्हणाला, बरं. बस. एवढंच बोलणं.

ये म्हटलं नाही मी. म्हणता येत नाही, म्हटलं तर तो येईलच, आणि मग कशाने आला ते मला कधीच कळणार नाही. पुरण घातलंय मात्र. ते मी दर वर्षी घालते. चार माणसांचं आहे. ती जिवती बघ, कागदावर, एवढी पोरं अंगाखांद्यावर, त्यातलं तिचं कुठलं? जरा म्हणतात हिलाच, तिने राजाच्या पोराचे दोन तुकडे जोडून जिवंत केलं, ते तरी तिचं कुठे होतं. त्या पोरीसाठी, ईरासाठी, एक लहान पाट काढून ठेवलाय मी माळ्यावरून. सौमित्रचाच आहे. ठेवायला काय जातं.

चल, उचला आता. सावकाश, तो कोपरा भिंतीला घासेल. भिंत बघ कशी निघाली मागून, केवढा पांढरा पट्टा. असू दे. कुंकवाचं तू काही करू नकोस, पुसू नकोस. कुंडी ठेव म्हटलं होतं, तीही नको ठेवूस. कुणाचा तरी मुलगा आहे तो, चांगला ओवाळलेला आहे, तुझ्या दारात उभा राहू दे.

आणि हे बघ, हा डबा ने खाली. फाटकाशी बाकावर पांढरा सदरा घालून बसलेत ना, सकाळपासून स्टँडकडे तोंड करून, ते आमचे हे. त्यांना दे. काय आहे विचारलं तर म्हणावं, दशम्या आहेत. दाण्याची चटणी. वर घरातलं पुरण चार माणसांचं आहे म्हणावं, तिकडचे तिघं आणि चौथी मी.

दार ओढू नकोस, राहू दे तसंच. — ऐक, परत ओरडतोय बघ तो. पण तो जाणाऱ्या गाडीचा आहे. जाणाराच ओरडतो नेहमी. इंदूरहून येणारी गाडी गुपचूप येऊन लागते, कुणी काही सांगत नाही. जा बेटा तू आता. आणि जिन्यात बोलू नका दोघं. मला ऐकू यायला पाहिजे.